विश्लेषण : अर्धे तिकीट हातात, पण बस कुठे आहे? बुलढाण्यात एसटीची फेरी नेमकी का चुकते?

महिलांना निम्मे तिकीट, ज्येष्ठांना मोफत प्रवास, मुलींना बारावीपर्यंत फुकट पास. एसटीच्या सवलती वाढल्या, प्रवासी वाढले. गाड्या मात्र कमी झाल्या. त्याचा हिशेब बुलढाणा जिल्ह्यातल्या गावागावांत सकाळच्या थांब्यावर चुकता होतो. गर्दी का होते, फेरी का रद्द होते आणि उपाय कुठे आहे, याचा आढावा.

प्रश्न नेमका काय आहे?

जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या बसस्थानकावर संध्याकाळी पाचच्या सुमारास उभे राहिले की चित्र सारखेच दिसते. शाळा-कॉलेज सुटलेले असते, कचेरीची कामे उरकून माणसे परतत असतात, बाजाराच्या पिशव्या पायाशी असतात. गाडी फलाटाला लागण्याआधीच तिच्यामागे धावपळ सुरू होते. खिडकीतून रुमाल, दप्तर, टोपी आत टाकून जागा धरली जाते. दारात लोंबकळणाऱ्यांना वाहक आत सरकायला सांगतो, पण आत सरकायला जागाच नसते.

ही झाली गाडी आल्यानंतरची गोष्ट. त्याहून मोठी तक्रार गाडी न येण्याची आहे. फलकावर वेळ असते, चौकशी खिडकीवर ‘येईल’ असे उत्तर मिळते. मग तासाभराने ‘आज नाही’ असे कळते. त्या मार्गावर पुढची गाडी दोन-तीन तासांनी असते, किंवा तीच दिवसातली शेवटची असते.

इथेच शहर आणि गाव यांतला फरक कळतो. शहरात बस चुकली तर उशीर होतो. गावात बस चुकली तर दिवस जातो. शेतमजुराची मजुरी बुडते, विद्यार्थिनीचा तास बुडतो, दवाखान्यातली तारीख हुकते. हे नुकसान महामंडळाच्या ताळेबंदात कुठेच दिसत नाही.

बुलढाण्यालाच याची झळ जास्त का?

एक कारण भूगोलाचे आहे. सुमारे ९,६६१ चौरस किलोमीटरचा हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५ लाख ८६ हजार आणि त्यातले जवळपास पाचात चार लोक खेड्यांत राहणारे. बोलीभाषेत जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. मुंबई-हावडा रेल्वेमार्ग घाटाखालून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा जातो. जलंबहून खामगावपर्यंत १८७० मध्ये कापसाच्या व्यापारासाठी छोटा फाटा काढला गेला, तो तिथेच थांबला.

घाटावरच्या बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगावराजा आणि सिंदखेडराजा या सहाही तालुक्यांत रेल्वेस्थानक नाही. जिल्ह्याचे मुख्यालयच रेल्वेच्या नकाशावर नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. अनेक सर्वेक्षणे झाली, निवडणुकांत आश्वासने झाली, गाडी काही धावली नाही. त्यामुळे इथे सार्वजनिक वाहतूक म्हणजे एसटी आणि फक्त एसटी. जिल्ह्यातल्या एकाही शहरात मुंबई-पुण्यासारखी पालिकेची बससेवा नाही.

दुसरे कारण आगारांच्या रचनेचे. तालुके १३ आहेत आणि आगारे सात : बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर, शेगाव आणि जळगाव जामोद. म्हणजे लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा, मोताळा, नांदुरा आणि संग्रामपूर या तालुक्यांना शेजारच्या आगाराच्या गाड्यांवर अवलंबून राहावे लागते. आगारात गाडी कमी पडली की कात्री आधी टोकाच्या फेरीला लागते. टोकाची फेरी साहजिकच दूरच्या तालुक्यातल्या आडगावाची असते.

विरोधाभास असा, की याच जिल्ह्यातून, मेहकर आणि सिंदखेडराजा तालुक्यांतून, नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. नागपूरहून मुंबई आठ तासांवर आली. त्याच महामार्गालगतच्या गावातल्या माणसाला तालुक्याला जाऊन यायला अजूनही अख्खा दिवस मोजावा लागतो.

फेरी रद्द होते, तेव्हा आगारात काय घडते?

प्रवाशाला वाटते, आपल्या गावची एक गाडी आहे आणि ती आज पाठवली नाही. प्रत्यक्षात ‘गावची गाडी’ असे काही नसते. आगारात एका गाडीच्या पूर्ण दिवसाचे वेळापत्रक ठरलेले असते. तीच गाडी सकाळी एका गावाहून शाळेची मुले आणते, मग दुसऱ्या तालुक्याला जाऊन येते, दुपारी तिसऱ्या गावी जाते आणि संध्याकाळी मुले घेऊन परत पहिल्या गावी. ही साखळी असते. सकाळच्या कडीत अर्धा तास गेला की तो दिवसभर पुढे ढकलला जातो. दुपारी टायर बसले की संध्याकाळचे गाव उघडे पडते.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा एका आगारात ५० गाड्या आहेत आणि रोजच्या वेळापत्रकाला ४६ लागतात. चार गाड्या राखीव. कार्यशाळेत चारच गाड्या उभ्या असतील तर सगळे सुरळीत चालते. गाड्या जुन्या झाल्या आणि कार्यशाळेतला आकडा सातवर गेला, तर तीन वेळापत्रके उघडी पडतात. एका वेळापत्रकात सात-आठ फेऱ्या धरल्या, तर त्या दिवशी वीसच्या वर फेऱ्या गेल्या. म्हणजे फक्त तीन गाड्यांचा फरक, पण त्याचा फटका वीस ठिकाणच्या थांब्यांवर उभ्या असलेल्या माणसांना.

याच राखीव गाड्यांवर बाकीचा भारही पडतो. होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा, १२ जानेवारीला सिंदखेडराजाचा जिजाऊ जन्मोत्सव, शेगावचा प्रकटदिन, आषाढीची पंढरपूर वारी. या काळात जादा गाड्या सोडाव्याच लागतात आणि त्या सोडल्याच पाहिजेत. हिवाळ्यात शाळांच्या सहली आणि लग्नांसाठी प्रासंगिक करारावर गाड्या जातात. शासकीय मेळाव्यांना, निवडणुकीच्या कामालाही एसटीच लागते. पण या ‘जादा’ गाड्या आकाशातून पडत नाहीत. बऱ्याचदा त्या कुठल्या ना कुठल्या गावच्या नियमित फेरीतूनच काढलेल्या असतात.

मुक्कामी गाडीची गोष्ट याहून वेगळी. रात्री गावात जाऊन थांबणारी आणि पहाटे तिथूनच निघणारी ही गाडी खेड्यासाठी सगळ्यात मोलाची. ती रात्री गेली नाही तर सकाळची पहिली फेरी आपोआप जाते. पण मुक्कामी जाणाऱ्या चालक-वाहकाला गावात झोपायला खोली नाही, शौचालय नाही, पाण्याची सोय नाही, ही तक्रार वर्षानुवर्षांची आहे. गाडीतच आसनावर अंग टाकून पहाटे पुन्हा चाक हातात घ्यायचे. गावाला गाडी हवी असेल, तर गाडी आणणाऱ्या माणसाला रात्रीची जागा देण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीनेही घ्यायला हवी.

महामंडळ म्हणते गाड्या रिकाम्या धावतात. मग गर्दी कशी?

या वादात दोन्ही बाजू खरे बोलत असतात. गोंधळ आहे तो ‘भारमान’ या मोजपट्टीत. गाडीतल्या एकूण आसनांच्या तुलनेत किती प्रवासी बसले, याची सरासरी टक्केवारी म्हणजे भारमान. एखादी फेरी ठेवायची की बंद करायची, हे ठरवताना हाच आकडा पाहिला जातो.

आता ४४ आसनांची एक गाडी घ्या. ती दिवसभरात एका गावाहून तालुक्याला तीनदा येते आणि तीनदा परत जाते. उदाहरणादाखल, सकाळी येताना ७५ प्रवासी, परत जाताना १०. दुपारी येताना १४, जाताना १२. संध्याकाळी येताना ९ आणि शेवटच्या फेरीत परत जाताना ७०. एकूण प्रवासी १९०, एकूण आसने २६४. भारमान ७२ टक्के. कागदावर पाहणाऱ्याला वाटेल, चौथा हिस्सा गाडी रिकामीच असते.

आता प्रवाशाच्या बाजूने मोजा. १९० पैकी १४५ जणांनी, म्हणजे चारातल्या तिघांनी, खच्चून भरलेल्या गाडीत प्रवास केला. सरासरी गाडीची असते, गर्दी माणसाची.

पुढचा टप्पा आणखी घातक आहे. दुपारची फेरी ‘परवडत नाही’ म्हणून बंद केली तर भारमान ७२ वरून थेट ९३ टक्क्यांवर जाते. आकडा सुधारतो, आगाराची पाठ थोपटली जाते. पण दुपारच्या फेरीतले २६ जण उरतातच. त्यातली काही माणसे सकाळच्या गर्दीत भर घालतात. काहींना दुपारी परतायची सोय नसल्याने ती सकाळीही एसटीने येत नाहीत, दुचाकी काढतात किंवा काळी-पिवळी धरतात. काही महिन्यांनी सकाळचे प्रवासीही घटतात आणि मग ‘या मार्गावर प्रतिसाद नाही’ अशी नोंद होते. प्रतिसाद आधी गेला की फेरी आधी गेली, हे तपासायला कोणी येत नाही.

राज्यातच गाड्या इतक्या कमी कशा झाल्या?

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. ‘गाव तिथे रस्ता, रस्ता तिथे एसटी’ हे ब्रीद त्यानंतरच्या काही दशकांत बऱ्याच अंशी खरे करून दाखवले गेले. करोना महासाथीपूर्वी महामंडळाकडे सुमारे १८ हजार गाड्या होत्या. आता तो आकडा १५ हजारांच्या आसपास आहे.

घसरण तीन टप्प्यांत झाली. महासाथीत वाहतूक थांबली आणि उत्पन्न आटले. पाठोपाठ ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस राज्य शासनात विलीनीकरणाच्या मागणीसाठी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. पाच महिन्यांहून अधिक काळ गावांनी एसटीशिवाय दिवस काढले आणि अनेकांनी दुसरी सोय कायमची लावून घेतली. तिसरा टप्पा शांतपणे झाला. आयुष्य संपलेल्या गाड्या भंगारात गेल्या, नव्या त्या वेगाने आल्या नाहीत.

भाडेतत्त्वावरच्या ५,१५० विजेवरील बसचा करार २०२३ मध्ये झाला. गाड्या वेळेत मिळत नाहीत म्हणून २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी तो रद्द करण्याची भाषा केली. दरम्यान दरवर्षी पाच हजार स्वमालकीच्या गाड्या घेण्याची घोषणा झाली आणि नव्या लालपरी टप्प्याटप्प्याने येऊ लागल्या. जून २०२५ मध्ये एसटीची श्वेतपत्रिका निघाली, तिच्यात संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर दाखवला आहे.

तुलनेसाठी तमिळनाडू पाहता येईल. तिथल्या सरकारी परिवहन महामंडळांकडे सुमारे २० हजार बस आहेत. त्यात चेन्नईच्या शहर बसही धरल्या आहेत, हे खरे. पण २०११ च्या जनगणनेत तमिळनाडूची लोकसंख्या ७ कोटी २१ लाख होती आणि महाराष्ट्राची ११ कोटी २४ लाख. बस कमी आणि माणसे जास्त, इतके साधे हे गणित आहे.

महिलांच्या सवलतीमुळे गर्दी झाली, हे खरे का?

बसस्थानकावर हे वाक्य हमखास ऐकू येते. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास सुरू झाला. प्रवासी वाढले, यात शंका नाही. पण त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे.

सवलतीची उरलेली रक्कम राज्य सरकार महामंडळाला देते. म्हणजे अर्ध्या तिकिटाची प्रवासी ही एसटीसाठी तोट्याची प्रवासी नाही, सरकारने पैसे वेळेवर दिले तर ती पूर्ण तिकिटाचीच आहे. अडचण येते ती ही रक्कम उशिरा किंवा अपुरी मिळते तेव्हा. मग पगार, भविष्यनिर्वाह निधी, सुटे भाग, डिझेल असे सगळेच अडते.

जी बाई आधी भाडे परवडत नाही म्हणून माहेरी जात नव्हती, तालुक्याच्या दवाखान्यात जायचे टाळत होती, ती आता निघते. योजनेचा हेतूच तो होता. प्रवासी वाढवणारी योजना आणली आणि गाड्या वाढवल्या नाहीत, तर चूक योजनेची नाही आणि गाडीत उभ्या असलेल्या बाईची तर मुळीच नाही.

उलट तिच्या बाजूने प्रश्न विचारायला हवा. सवलत तिकिटावर मिळते, फेरीवर नाही. ज्या मार्गावर दिवसातून तीन गाड्या आहेत आणि त्यातली एक भरवशाची नाही, तिथल्या बाईला अर्ध्या तिकिटाचा फायदा किती? सवलतीचा सगळ्यात मोठा लाभ ज्या मार्गावर गाड्या भरपूर, त्यांनाच मिळतो. आडगावाला मिळते ती फक्त जाहिरात.

हाच मुद्दा मुलींच्या शिक्षणाला लागू होतो. अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत मुलींना मोफत पास आहे. इतर विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. पास थेट शाळा-महाविद्यालयात देण्याची सोयही झाली. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बस चालतात, जिल्ह्यातले काही तालुकेही त्यात आहेत. योजना म्हणून हे सगळे चांगलेच. पण हिवाळ्यात सहाला अंधार पडतो. संध्याकाळची गाडी दोनदा-तीनदा आली नाही, मुलगी रात्री आठला कोणाच्या तरी गाडीवरून घरी पोहोचली, की घरात विषय निघतो. पास फुकट आहे म्हणून शिक्षण टिकत नाही. संध्याकाळची गाडी येईल, ही खात्री असली तर टिकते.

काळी-पिवळीवर बंदी घालून प्रश्न सुटेल?

खासगी वाहनांना परवाना मिळतो तो ठरलेल्या प्रवाशांना एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्याचा. वाटेत थांब्याथांब्यावर प्रवासी घेण्या-उतरवण्याचा, म्हणजे टप्पा वाहतुकीचा अधिकार मुख्यतः एसटीकडे आहे. त्यामुळे थांब्यावरून प्रवासी उचलणारी काळी-पिवळी, मॅजिक किंवा ऑटो हे नियमाबाहेर ठरतात. एसटी कर्मचाऱ्यांची त्याबद्दलची तक्रार रास्त आहे. भरलेल्या वेळेचे प्रवासी ही वाहने घेतात आणि रिकाम्या वेळेच्या फेऱ्या एसटीच्या माथी राहतात.

पण थांब्यावर उभ्या माणसाला नियम माहीत असला तरी उपयोग नसतो. त्याला घरी जायचे असते. नऊ-दहा जणांच्या वाहनात पंधरा जण, टपावर सामान, मागे पाय ठेवायला जागा मिळेल तिथे उभे. घाटरस्त्यावर हा प्रवास किती धोक्याचा आहे हे बसणाऱ्यालाही ठाऊक असते. तिथे सवलत नाही, विमा मिळेल याची शाश्वती नाही, पुरेशी सवारी भरेपर्यंत गाडी हलत नाही. अधूनमधून कारवाईची मोहीम निघते आणि त्या आठवड्यात गावांची कोंडी होते. एसटीची फेरी न वाढवता केलेली कारवाई म्हणजे प्रवाशालाच दंड.

मुंबई-पुण्यातही हेच रडगाणे आहे ना?

आहे, आणि मुळाशी कारणही तेच आहे. मुंबईत ‘बेस्ट’च्या स्वतःच्या गाड्या घटत गेल्या आणि भाडेतत्त्वावरच्या कंत्राटांवर भिस्त वाढली. कंत्राटदाराने अंग काढून घेतले की मार्ग उघडे पडले. ९ मे २०२५ पासून किमान भाडे पाचावरून दहा रुपये झाले, थांब्यावरची रांग मात्र आखडली नाही. एसटीनेही २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्के भाडेवाढ केली. साध्या गाडीचा सहा किलोमीटरचा टप्पा ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपयांच्या वर गेला.

फरक पर्यायाचा आहे. मुंबईकराला लोकल आहे, मेट्रो आहे, रिक्षा आहे. शिवाय त्याच्या रांगेचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर येते. संग्रामपूर तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात गाडी आली नाही, तर ती बातमीही होत नाही.

कायदा काय सांगतो?

एसटी महामंडळ १९५० च्या रस्ते परिवहन महामंडळ कायद्याखाली चालते. त्याच्या कलम १८ नुसार कार्यक्षम, पुरेशी, किफायतशीर आणि सुसूत्र बससेवा देणे हे महामंडळाचे कर्तव्य आहे. कलम २२ म्हणते, कारभार व्यावसायिक तत्त्वांवर चालवावा. एकाच कायद्यातल्या या दोन कलमांत एसटी अडकली आहे. ‘पुरेशी’ सेवा द्यायची तर आडगावाला गाडी पाठवावी लागते, ‘व्यावसायिक’ व्हायचे तर ती बंद करावी लागते.

यातून सुटण्याचा मार्ग सरकारच्या हातात आहे. शाळा, दवाखाना, रेशन ही सेवा आहे, तिच्यात नफा शोधला जात नाही. गावची पहिली आणि शेवटची गाडी त्याच यादीत बसते. तिचा खर्च सरकारने दरवर्षी ठरवून, किलोमीटरमागे मोजून द्यायला हवा. आज उलटे होते. सरकार एका हाताने सवलतीची भरपाई देते आणि दुसऱ्या हाताने एसटीच्या तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर घेते.

गाडी मोबाइलवर दिसली तर काय होईल?

गाड्यांवर जीपीएस बसवून ती कुठे आहे हे प्रवाशाला दाखवण्याचे काम महामंडळाने काही वर्षांपूर्वीच हाती घेतले. ते प्रत्येक मार्गावर नीट चालले तर मोठाच दिलासा आहे. दोन तास उन्हात उभे राहण्याऐवजी माणूस घरून वेळेवर निघेल. पण रद्द झालेली गाडी नकाशावर दिसत नाही. जीपीएस धावणाऱ्या गाडीचा ठावठिकाणा सांगते, न सुटलेल्या गाडीचा नाही. म्हणून प्रवाशाला हवी आहे ती दुसरी माहिती : आज कोणत्या फेऱ्या सुटणार नाहीत आणि का.

ही माहिती आगारात रोज तयार असते. वाहतूक नियंत्रकाच्या वहीत ती असते, रद्द किलोमीटरच्या अहवालात ती वर जाते. ती फक्त प्रवाशापर्यंत येत नाही.

मग करायचे काय?

सगळे प्रश्न सुटायला हजारो गाड्या लागतील आणि त्या एका वर्षात येणार नाहीत, हे मान्य. पण पाच गोष्टी त्याआधीही होऊ शकतात.

* न तुटणारी फेरी : प्रत्येक आगाराने शाळेची सकाळची, परतीची संध्याकाळची आणि मुक्कामी अशा फेऱ्यांची यादी जाहीर करावी. गाड्या कमी पडल्या तर कात्री आधी इतर ठिकाणी लागेल, या फेऱ्यांना सगळ्यात शेवटी. यात्रा असो वा मेळावा, यादीतली गाडी हलणार नाही.

* रद्द फेऱ्यांचा रोजचा फलक : सकाळी सातच्या आत आगारनिहाय रद्द फेऱ्या बसस्थानकावर आणि मोबाइलवर. महिन्याअखेर एकूण आकडा. लपवलेला आकडा सुधारत नाही.

* मोजपट्टी बदलणे : भारमानाची दिवसाची सरासरी पुरेशी नाही. ठरलेल्यापैकी किती फेऱ्या सुटल्या आणि किती वेळेवर सुटल्या, यावर आगाराचे मूल्यमापन व्हावे. गर्दीची वेळ वेगळी मोजावी.

* छोटी गाडी : ज्या मार्गावर दुपारी बारा-पंधराच प्रवासी असतात, तिथे मोठी गाडी बंद करण्याऐवजी मिनीबस चालवावी. ते जमत नसेल तिथे काळी-पिवळीला ठरलेला मार्ग, वेळ, दर आणि प्रवासीसंख्या देऊन नियमांच्या चौकटीत आणावे. आज ती नियमाबाहेर आहे म्हणून तिच्यावर नियंत्रणच नाही.

* आगार नसलेल्या सहा तालुक्यांचा विचार : पूर्ण आगार नाही तरी रात्री गाड्या उभ्या करण्याची जागा, छोटी दुरुस्ती आणि चालक-वाहकांसाठी विश्रांतीगृह एवढी सोय झाली, तरी टोकाच्या फेऱ्या शेजारच्या तालुक्यावर अवलंबून राहणार नाहीत.

यातल्या पहिल्या तीन गोष्टींना नवी गाडी लागत नाही आणि मोठा निधीही नाही. आहे त्या गाड्या कोणाला आधी द्यायच्या, एवढा निर्णय लागतो.

शेवटी मुद्दा भरवशाचा

एसटीने या राज्यात जे कमावले, ते तिकिटाच्या पैशात मोजता येत नाही. एकट्या मुलीला शिक्षणासाठी तालुक्याला पाठवताना घरच्यांनी ज्या गोष्टीवर विश्वास ठेवला, ती म्हणजे लाल गाडी आणि तिचा वाहक. आजही लोक तिच्यावर चिडतात ते ती आपली वाटते म्हणून. खासगी गाडी आली नाही तर कोणी निवेदन देत नाही. एसटीची फेरी बंद झाली की गाव आगारप्रमुखांच्या दारात जाते.

हा धागा अजून तुटलेला नाही. पण जिथे फेरी महिनोन्महिने चुकते, तिथे लोक निवेदन द्यायचेही बंद करतात. थांब्यावरची गर्दी एक दिवस आपोआप ओसरते आणि कागदावर प्रश्न मिटलेला दिसतो. तेव्हा त्या गावातल्या किती मुलींनी अकरावीत नाव घातले नाही, हे विचारायला मात्र कोणताही अहवाल नसतो. नव्या लालपरी जिल्ह्यात येतील तेव्हा त्या आधी कुठे धावतात, लांब पल्ल्याच्या मार्गावर की संध्याकाळी साडेपाचला गावाकडे, यावरून एसटी कोणासाठी आहे ते ठरेल.